लावणीचा व्हिडिओ करायचा, तर आधी लावणीचे व्हिडिओ पाहावेत का? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

तिसरा बाक

आम्ही पाच जण जनसंवादाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. वर्गातल्याच एका मैत्रिणीने लिहिलेल्या आणि तिनेच चाल लावलेल्या लावणीचा साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ आम्हाला प्रकल्प म्हणून करायचा आहे. चित्रीकरणाआधी त्या संगीतप्रकाराच्या दृश्यसंकेतांचा अभ्यास करण्याची अट आहे. म्हणजे त्या प्रकारातले वीस व्हिडिओ पाहायचे आणि वेशभूषा, स्थळ, प्रकाश, चौकट, शॉटची सरासरी लांबी असे रकाने पाडून तक्ता भरायचा. तीन आठवडे आम्ही तेच केले. हाती काय लागले, तर नऊवारी, अंबाडा, गजरा, मागे चार-सहा साथीदार नर्तिका, लाकडी रंगमंच, समोर फेटे उडवणारी मंडळी आणि ढोलकीच्या तोड्यावर तुटणारे शॉट. एवढे तर आमच्या आजीनेही न बघता सांगितले असते. त्याहून वाईट असे की, आता कोणी काही नवे सुचवले की दुसरा लगेच तक्त्याकडे बोट दाखवतो आणि ‘हे प्रकारात बसत नाही’ म्हणून मोकळा होतो. माझे मत स्पष्ट आहे : विद्यार्थ्यांनी आधी नुसते गाणे ऐकून आपली दृश्ये लिहावीत, दुसऱ्यांचे व्हिडिओ पाहायचेच असतील तर चित्रीकरण उरकल्यावर पाहावेत.

कात्री

मी संकलनाचे काम करतो आणि या मताशी पूर्णपणे असहमत आहे. तुम्ही पाहिले कमी आणि मोजले जास्त, हा दोष तुमचा आहे, अभ्यासाचा नव्हे. माध्यम-अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ मध्ये संगीत-व्हिडिओंविषयी लिहिताना शब्द आणि दृश्य यांचे तीन प्रकारचे नाते मांडले : दृश्य शब्दांचे चित्रण करते, त्यांच्या अर्थात भर घालते किंवा त्यांच्याशी फारकत घेते. प्रत्येक संगीतप्रकाराची स्वतःची दृश्यलक्षणे असतात, हेही त्यांच्याच मांडणीत आहे. विद्यार्थी नेमके तेवढेच उचलतात, कारण त्याचे रकाने पाडता येतात.

खरा प्रश्न लक्षण आले कुठून, हा आहे. मुंबईच्या रॅपमध्ये अरुंद गल्ली आणि थेट भिंगात रोखलेली नजर वारंवार दिसते. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे आयपॅडवरच ध्वनिमुद्रित केले आणि त्याच आयपॅडवर चित्रितही केले. स्टुडिओ परवडत नव्हता तेव्हा राहती वस्तीच नेपथ्य झाली, आणि जी अडचण होती तीच पुढे शैली ठरली. आज भाड्याने महागडा कॅमेरा आणून तीच गल्ली चित्रित करणारा विद्यार्थी लक्षण घेतो आणि कारण सोडतो. हे कळायला आधी पाहावेच लागते. शिवाय प्रेक्षकाच्या मनात नऊवारी पक्की असते म्हणूनच तुमची जीन्स त्याला खटकेल. संकेतच माहीत नसेल, तर मोडलेला तरी दिसणार कसा?

माळवद

दोघांचेही मूळ गृहीतक चुकते आहे, असे मला वाटते. तुम्ही पाहिलेले वीस व्हिडिओ लावणीचे नाहीत, चित्रपटातल्या लावणीचे आहेत. रंगमंच, मागची रांग आणि मध्येच दिसणारा मिशीवाला पाटील ही पडद्याची सोय आहे. नाचणारीवरून कॅमेरा हटवायचा तर दाखवायला कोणी तरी हवे.

पुण्याच्या आर्यभूषण थिएटरसारख्या ठिकाणी किंवा पुणे जिल्ह्यातल्या चौफुल्याच्या कला केंद्रांत जी संगीतबारी, म्हणजे लावणीच्या गाण्या-नाचाचा कार्यक्रम, चालते, तिथली बैठकीची लावणी एकदा पाहावी. बाई समोर बसलेली असते, तबला-पेटी साथीला असते आणि एकच ओळ ती चार-पाच वेळा म्हणते. पहिल्यांदा तक्रार असते, दुसऱ्यांदा आर्जव, तिसऱ्यांदा ती नुसती नजर खाली नेते, आणि चौथ्यांदा तेच शब्द टोमणा होऊन येतात. २०१२ मध्ये पद्मश्री मिळालेल्या लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांच्या उतारवयातल्या बैठकीच्या चित्रफिती पाहिल्या, तर हातभर जागेत काय घडू शकते ते कळेल. आता या अदाकारीवर ठेक्यागणिक कात्री चालवली तर उरते काय? ‘शॉटची सरासरी लांबी’ या रकान्यात शॉटच्या आत काय घडले ते लिहायला जागाच नाही. म्हणून अभ्यास करावा, पण व्हिडिओंचा नव्हे, गाण्याचा.

कात्री

माळवद यांचे वर्णन सुरेख आहे, पण ते समोरासमोरच्या बैठकीचे आहे. तिथे श्रोता दोन हातांवर बसलेला असतो आणि दादही तोच देतो. इथला प्रेक्षक मोबाइलच्या पडद्यावर पाहणार, आणि बहुतेकांना लावणी चित्रपटातूनच ठाऊक आहे. ती ओळख नाकारून एकदम संगीतबारीच्या शुद्धतेवर जाणे मला थोडे सोवळेपणाचे वाटते.

तिसरा बाक यांना व्हिडिओ पाहूनच समजेल अशी एक युक्ती सांगतो. गाणे दुप्पट वेगाने वाजवावे, सेकंदाला ५० चौकटींनी (फ्रेम) चित्रण करावे, ते २५ च्या वेगाने दाखवावे आणि त्यावर मूळ वेगाचे गाणे जोडावे. ओठ शब्दांशी जुळतात आणि अंग मात्र तरंगल्यासारखे दिसते. पॉप गाण्यांत हे सर्रास चालते.

तिसरा बाक

रविवारच्या तालमीत युक्ती करून पाहिली. दुप्पट वेगावर ओठ कसेबसे जुळले, पण पायांत किलोकिलोंचे चाळ असताना त्या वेगाचा पदन्यास आमच्या नर्तिकेला दोन आवर्तनांपलीकडे झेपला नाही; ती खाली बसली आणि म्हणाली, “हे गाणं नाही रे, पळापळ आहे.” मग बसल्या बसल्याच तिने धृपद मूळ लयीत म्हटले आणि आम्ही कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून एक मिनिट दहा सेकंद न तोडता घेतले. आमच्या तक्त्यातल्या एकाही व्हिडिओत असा शॉट नाही. आधी पाहू नये हे माझे मत त्यामुळे अधिकच घट्ट झाले आहे.

माळवद

तो शॉट तुम्हाला चाळांच्या वजनाने दिला. चाळ जड असतात, हा लावणीचाच संकेत आहे. तुम्ही तो पायांनी शिकलात, इतकेच.

कात्री

शॉट पाहायला आवडेल. मात्र एक विचारतो : त्या सत्तर सेकंदांत ती धृपद किती वेळा म्हणते, आणि तिसऱ्या वेळेला तिच्या चेहऱ्यावर नवे काही येते का? येत नसेल, तर मी चाळिसाव्या सेकंदाला कापीन.