पोलॉकचं प्रिंट: आधी माप, मग फ्रेम

एकाने विचारलंय: अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या, रंग शिंतडून केलेल्या 'ऑटम ऱ्हिदम' या चित्राचं प्रिंट २४×३६ इंचात, काचेच्या फ्रेममध्ये सोफ्यावरच्या भिंतीवर लावू का? ते माप घेऊ नका. १९५० चं हे मूळ चित्र २६६.७×५२५.८ सेंमी आहे, म्हणजे उंचीच्या जवळजवळ दुप्पट रुंद. २४×३६ मध्ये बसवताना रुंदीचा सुमारे पाव भाग कापला जातो, आणि कडांशी येऊन वळणाऱ्या रेषाच तर या चित्राचा श्वास आहेत! सहा फुटी सोफ्यावर ४८ इंच रुंद आणि साधारण २४.३ इंच उंच प्रिंट शोभेल. १५० डीपीआयला (एका इंचात १५० ठिपके) त्यासाठी रुंदीत ७२०० पिक्सेलची फाइल लागते. त्याहून लहान फाइल ताणली की बारीक शिंतोडे विरघळतात.

पार्श्वभूमी प्राइमरचा (रंगाआधीचा लेप) थर न दिलेल्या कॅनव्हासची, तपकिरीकडे झुकणारी आहे. छापणारे 'ऑटो करेक्शन'ने ती पांढरी करतात, म्हणून आधी ए४ नमुना मागा.

कॅनव्हासवर छापणार असाल तर काच नकोच. चित्र बाजूंवर दुमडू देऊ नका. दुमडण्यासाठी चारी बाजूंना दोन इंच कोरा कॅनव्हास ठेवून फ्लोटर फ्रेम (कॅनव्हासभोवती थोडी फट सोडणारी, बिनकाचेची चौकट) करा. कागदच हवा असेल तर मॅट कॉटन कागद, पिगमेंट शाई (सहसा न फिकटणारी) आणि आम्लरहित माउंट (प्रिंटभोवतीचा पुठ्ठा) घ्या. काच प्रिंटला टेकली तर पावसाळ्यात दमटपणाने शाई काचेला चिकटते, पुढे सोडवताना पापुद्रा निघतो. ३-४ मिमी अंतर हवंच.

पोलॉकऐवजी मार्क रॉथकोचं (रंगांचे मोठे सपाट पट्टे रंगवणारा चित्रकार) प्रिंट लावणार असाल, तर त्याला चकचकीत काच अजिबात नको. गडद रंगांत समोरच्या खिडकीचं प्रतिबिंबच दिसत राहतं.