'आवा' नावाच्या काल्पनिक चहाघराचा लोगो: ज्वाळा काढून टाकू का?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. दिवसभर उद्यमबागेत एका फाउंड्रीत हिशेब लिहितो आणि रात्री इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उघडून नसलेल्या दुकानांचे लोगो काढतो. गिऱ्हाईक नाही, पैसे नाहीत. मला जे आवडतं त्याचं एकेक दुकान मनात थाटलंय. भीमगडच्या वटवाघळांवरून टॉर्चचा ब्रँड झाला, मलप्रभेच्या वळणावरून सायकल दुरुस्तीचा. तिसऱ्यात अडकलोय.

तिसरं माझ्या आजोळचं. आजोबा कुंभार. चहाघराचं नाव 'आवा', म्हणजे मडकी भाजायची भट्टी; चहा मातीच्या कपातून. आवा लावला की त्या दिवशी आजी अंगणात कुणाला मोठ्यानं बोलू द्यायची नाही. तो निवला की आजोबा राख सारून पहिलं मडकं काढायचे आणि बोटाच्या पेरानं वाजवून बघायचे. टणक आवाज आला की मगच चहा. हे सगळं मला त्या लोगोत हवंय.

मुक्ता फॉन्टात 'आवा' लिहिलं, वर ज्वाळा, खाली कप, बाजूला वाफ. मोबाइलवर नुसता लाल डाग दिसतो. ज्वाळा काढून टाकली तर आवा कसा कळणार? तेवढं सांगा की.

शहापूरचा विणकर
आमच्याकडे बुट्टा आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढतात. एक चौकोन चुकला तर कापडावर बुट्टा तुटलेला दिसतो. तूही 16 बाय 16 चौकोन आख. ब्राउझरच्या टॅबवरचं चिन्ह तेवढ्याच पिक्सेलांत बसवावं लागतं. त्यात तुझ्या तीन वस्तू मावत नाहीत, एकच ठेव. आणि आधी नुसत्या काळ्यात काढ, लाल रंगाखाली चुका लपतात.

शब्दाकडेच बघ ना. 'आ'चे दोन दांडे, 'वा'चे दोन, वर सलग रेघ. चार खांबांवरचं छप्परच झालं. रुपयाचं चिन्ह 2010 साली आलं, त्यात उदय कुमार यांनी 'र' आणि वरची रेघ ठेवली. तेवढ्यानं ते आपल्या लिपीतलं वाटतं.

टिळकवाडीचा बोर्डवाला
छप्पर छान, पण बोर्ड बेळगावात लागणार असं धरून चाल. कर्नाटकच्या कायद्यात 2024 साली झालेल्या दुरुस्तीपासून बोर्डावर 60 टक्के कन्नड लागतं. कन्नडला सलग शिरोरेषा नसते, अक्षराअक्षराला आपापला तलकट्टू, म्हणजे डोक्यावरची छोटी खूण. म्हणजे तिथं तुझं छप्पर राहिलंच नाही. 'व' मात्र दोन्हीकडे गोलसर. मी असतो तर 'व'च्या पोटावर काम केलं असतं.

आणखी एक, अक्षर पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारात, बदलून मगच फाइल पाठव. नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की सगळं विस्कटतं. माझ्याकडे रोज अशा फाइली येतात.

निपाणीची ताई
माझी आई बिड्या वळायची. बंडलावर चित्राचं लेबल असायचं आणि वाचता न येणारं गिऱ्हाईक त्या चित्राच्या नावानंच बंडल मागायचं. तुझ्या चहाघराला लोक काय म्हणून हाक मारतील, ते आधी ठरव. आगीचं चित्र ठेवलंस तर लोक भजी मागायला येतील रे बाबा. तूच लिहिलंयस, आजोबा मडकं वाजवून बघायचे. मग मडकंच काढ की.

खानापूरकर
ताई, तुमचं वाचून ज्वाळा पुसली. 'व'चं पोट मडक्यासारखं फुगवलं, वरची रेघ काठासारखी जाड केली, दोहोंत बारीक फट ठेवली. 16 चौकोनांत बसलं!

रविवारी मामाकडे गेलो. जुन्या कौलांवर कारखान्याचं नाव उठलेलं असतं, तसं कपाच्या बुडाला उठवायचं होतं. लाकडावर 'व' उलटा कोरला आणि ओल्या मातीत दाबला. फट मातीनं बुजली. उरली तीही गेली, कारण माती वाळताना आणि भाजताना आकसते. मग फट दुप्पट रुंद कोरली. काल दुसरा कप भाजून आला. मामानं बुडावरचा 'व' नंतर बघितला, आधी कप पेरानं वाजवला.

आता कन्नडचा 'व' त्याच मापात बसवायचाय. बोर्डवाले, हातानं रंगवलेल्या जुन्या कन्नड पाट्यांचे फोटो असतील तर इथं टाका. फॉन्टातला 'व' फार सडपातळ वाटतोय.