रोलप्लेची ऑडिशन नेमकी कशाची परीक्षा घेते?

निशाचर
लेखी रोलप्लेच्या ग्रुपमध्ये शिरायचं तर आधी ऑडिशन द्यावी लागते, त्यावर इथल्या मंडळींची मतं हवीत. हा प्रकार ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: प्रत्येकाकडे एक पात्र असतं. एकाने परिच्छेद-दोन परिच्छेद लिहिले की दुसरा आपल्या पात्राच्या वतीने उत्तर देतो आणि गोष्ट पुढे सरकते. प्रवेशाआधी नमुना उतारा मागतात. प्रसंग ते देतात, किमान शब्दसंख्या असते, बहुतेकदा तृतीयपुरुषी भूतकाळात लिहायचं असतं.

माझा आक्षेप असा की ही चाचणी भलत्याच गोष्टीची आहे. समजा प्रसंग दिलाय, वादळी रात्री तुमचं पात्र एका बंद पडलेल्या दीपगृहात शिरतं. एक उमेदवार लाटा लिहितो, वीज लिहितो, बुडून मेलेल्या भावाची आठवण लिहितो आणि शेवटी पात्राला कोपऱ्यात झोपवून टाकतो. भाषा देखणी, पण पुढच्याने करायचं काय? झोपलेल्या माणसाकडे बघत बसायचं? दुसरा उमेदवार साधंच लिहितो. पात्र जिना चढतं, वरचा दिवा हाताला गरम लागतो, म्हणजे कुणीतरी आत्ताच विझवलाय. ते दाराआड सरकतं आणि विचारतं, "कोण आहे?" आता इथे कुणीही शिरू शकतं. दिवा विझवणारा, त्याचा पाठलाग करणारा, नाहीतर पावसापासून आडोसा शोधणारा तिसराच. माझ्या पाहण्यात पहिला पास होतो आणि दुसऱ्याला "वर्णन वाढवून पुन्हा पाठवा" असा निरोप जातो.

कोरा_कागद
सहमत नाही. मी एका ग्रुपची ॲडमिन आहे. आम्ही उताऱ्यात सौंदर्य शोधतो हा गैरसमज आहे. काळ मध्येच बदलतो का, सांगितलेला प्रसंग लिहिलाय की कुठून तरी जुना उतारा उचलून चिकटवलाय, आणि मुख्य म्हणजे गॉडमोडिंग, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राचं काय होतं ते आपणच ठरवून टाकणं, आहे का, हे बघतो. "त्याने तलवार फिरवली आणि समोरच्याचा हात तुटून पडला" असं जो नमुन्यातच लिहितो, तो ग्रुपमध्ये आल्यावर दुसऱ्यांची पात्रं परस्पर मारून मोकळा होणार. "त्याने तलवार फिरवली, नेम खांद्यावर होता" एवढ्यावर थांबणारा आम्हाला हवा. हे एका उताऱ्यात कळतं. शिवाय नियमांच्या मधोमध आम्ही एक शब्द लपवतो, तो अर्जात लिहावा लागतो. नियम न वाचणारे तिथेच गळतात.

तिरपी_रेघ
मुळात ऑडिशनच कशाला? १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड हा लेखी खेळ उभा केला, तेव्हा कुणी नमुना उतारा मागत नव्हतं. आदेश टाइप करायचा आणि आत जायचं. पुढे मश नावाचे लेखी खेळ आले, त्यात संवाद आणि अभिनयच मुख्य. तिथेही बऱ्याच ठिकाणी मूळ मालिकेतलं किंवा पुस्तकातलं, सगळ्यांना माहीत असलेलं कॅनन पात्र हवं असेल तर कडक अर्ज, स्वतःचं पात्र घेऊन येणाऱ्याला त्यामानाने सोपं. ही विभागणी मला पटते. नायक मागणाऱ्याची परीक्षा घ्या, गावातल्या लोहाराची कशाला?

कोरा_कागद
@तिरपी_रेघ, मड म्हणजे मुख्यतः खजिना शोधणं आणि गुण मिळवणं. तिथे कुणाचं वाक्य फसलं तरी दुसऱ्याची गोष्ट बिघडत नव्हती. इथे बिघडते. तुमचा लोहारही तीन जणांच्या प्रसंगात असतो.

शाईचा_डाग
तत्त्वाचं भांडण चालू द्या, ज्यांना पास व्हायचंय त्यांच्यासाठी लिहितो. ग्रुपमधले चालू प्रसंग आधी वाचा आणि तिथली लांबी पकडा. लोक तिथे दोन परिच्छेद लिहीत असतील तर तुमचं पानभर लिखाण कौतुकाचं नाही, धास्तीचं ठरतं. डोळ्यांना "नीलमण्यांची जोडी" म्हणू नका. पात्राला एखादी खरीखुरी उणीव द्या. "अतिप्रामाणिक" ही उणीव नव्हे. पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये 'स्टार ट्रेक'च्या एका फॅन-नियतकालिकात मेरी सू नावाची विडंबन-नायिका लिहिली. वय साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट, सगळ्यात निपुण, सगळ्यांची लाडकी. त्या नावाचा शिक्का अजून चालतो, आणि अर्ज वाचणाऱ्याच्या हाताशी तो तयारच असतो.
आणि हो, निशाचर यांचा गरम दिवा उचला. उताऱ्याचा शेवट प्रश्नावर किंवा अर्धवट कृतीवर करा.

बिनटोपी
मला दोन ठिकाणी नकार मिळाला, दोन्हीकडे कारण एकच: "भाषा कच्ची". मान्य, कच्ची आहे. पण ती पक्की होणार कुठे? वाचून वाक्य सुधारतं, समोरच्याला उत्तर द्यायची सवय खेळूनच लागते. आता आहे त्या ग्रुपमध्ये नवख्यांसाठी सरावाची वेगळी खोली आहे. तिथे जे घडतं ते मुख्य गोष्टीत धरत नाहीत, त्यामुळे कुणाचं नुकसान नाही.

निशाचर
बिनटोपी, हेच म्हणतोय. @कोरा_कागद, गॉडमोडिंगचा तुमचा मुद्दा रास्त, पण एकट्याच्या उताऱ्यात ते करायला समोर दुसऱ्याचं पात्रच नसतं. बहुतेक जण तिथे शहाण्यासारखेच वागणार. त्यापेक्षा ॲडमिनने एक परिच्छेद लिहावा, उमेदवाराने उत्तर द्यावं, ॲडमिनने मुद्दाम प्रसंग वळवावा, पुन्हा उत्तर. आपला ठरवलेला बेत मोडला की माणूस काय करतो ते दिसतं. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून वादळ-लाटा-मेलेला भाऊ हे तर बसल्या जागी तयार मिळतं.

कोरा_कागद
ते यंत्र उत्तरंही लिहितं, त्यामुळे दोन फेऱ्यांनी ती अडचण सुटत नाही. आणि वेळेचं काय? उतारा मी चहा पिता पिता वाचते. तुमच्या पद्धतीत प्रत्येक अर्जामागे मला स्वतः लिहायचं, उत्तराची वाट बघायची, पुन्हा लिहायचं. उमेदवार मधेच गायब झाला तर तेवढं लेखन फुकट.

शाईचा_डाग
मधेच गायब होणारा ऑडिशनमध्येच कळला तर फायदाच की! ग्रुप मरतात ते वाईट गद्याने नाही, उत्तर न आल्याने. उत्तम लिहून पास झालेला माणूस आठवड्याभरात दिसेनासा होतो आणि त्याच्या पात्राभोवती रचलेला सगळा प्रसंग तसाच लटकतो.

कोरा_कागद
हा मुद्दा मानला. कॅनन पात्रांसाठी दोन फेऱ्या करून बघेन, तिथे माणूस पळाला तर खरंच सगळं अडतं. बाकीच्यांसाठी नमुना उतारा राहील. लपवलेला शब्दही राहील.

तिरपी_रेघ
तो शब्द तुमच्या जुन्या सदस्यांना विचारून बघा एकदा.