मदत हवी आहे: सोसायटीत दोन एईडी येणार आहेत, बसवायचे कुठे?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात घोडबंदर रोडला आमचं पाच इमारतींचं संकुल आहे. प्रत्येक इमारत २२ मजली, सगळी मिळून चारशेच्या वर घरं. गेल्या हिवाळ्यात सकाळी फिरायला आलेले एक काका जॉगिंग ट्रॅकवर कोसळले. मी तिथेच होते. कुणी पाणी पाजायला बघत होतं, कुणी कांदा आणायला धावलं, कुणी तळपाय चोळत होतं. त्यांच्या एका पायातला बूट निघाला होता, तो हातात धरून मी नुसती उभी होते. मागच्या इमारतीतली एक नर्स मुलगी धावत आली, तेव्हा कुठे छाती दाबायला सुरुवात झाली. रुग्णवाहिका ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली. काका वाचले नाहीत.

त्यांच्या मुलांनी आता दोन एईडी घेण्यापुरते पैसे सोसायटीला दिले आहेत. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हृदयाची विद्युत लय बिघडून ते नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकलतच नाही, अशा वेळी शॉक देऊन ती लय थांबवणारं हे यंत्र. छातीला दोन पॅड चिकटवायचे, पुढचं यंत्र बोलून सांगतं. शॉकची गरज नसेल तर ते देतच नाही, त्यामुळे चुकून कुणाला शॉक बसेल ही भीती नको. पण वेळ हातात फार कमी असतो. छातीही दाबली नाही आणि शॉकही मिळाला नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

कमिटीत दोन मतं आहेत. एक यंत्र सोसायटीच्या ऑफिसात आणि एक क्लबहाऊसच्या जिममध्ये, असं बहुतेकांना वाटतं. किमती वस्तू आहे, कुलपात राहिलेली बरी, हे त्यांचं कारण. मला ते अजिबात पटत नाही. ऑफिस संध्याकाळी सहाला बंद होतं, रविवारी उघडतच नाही. जिम रात्री दहाला. काका कोसळले ते पहाटे पावणेसहाला, म्हणजे दोन्ही दारांना कुलूप होतं. कोपनहेगनमधल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं: नकाशावर यंत्रं भरपूर, पण संध्याकाळी, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी त्यातली निम्म्याहून जास्त व्याप्ती गळून जाते, कारण ज्या इमारतीत यंत्र आहे तीच बंद असते.

म्हणून परवा मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून सगळीकडून चालून पाहिलं. ट्रॅकच्या मागच्या कोपऱ्यातल्या बाकापासून ऑफिसपर्यंत भरभर चालत १ मिनिट ५० सेकंद. परत यायला तेवढीच. म्हणजे कुलूप नसलं तरी पावणेचार मिनिटं नुसती जाण्यायेण्यात. शिकागोच्या विमानतळांवर यंत्रं एकमेकांपासून भरभर चालत ६० ते ९० सेकंदांच्या अंतरावर लावली होती. तिथे दोन वर्षांत ज्या १८ जणांच्या हृदयाची लय अशी थरथरती होती, त्यातले ११ जण वाचले, आणि मदत करणाऱ्यांत काही जणांना हे यंत्र वापरायचं कसलंही प्रशिक्षण नव्हतं. आपल्याकडे चारशे घरांना दोन यंत्रं, तेव्हा तेवढं जमणार नाही, पण जवळपास तरी जायला हवं.

माझं म्हणणं असं की एक यंत्र मुख्य गेटच्या केबिनबाहेर लावावं. तिथे चोवीस तास माणूस असतो. इंटरकॉम आला की त्यानेच यंत्र घेऊन धावत सुटायचं, म्हणजे खेप एकेरी होते आणि वेळ निम्म्यावर येतो. दुसरं मागच्या दोन इमारतींच्या मधल्या लॉबीत, लिफ्टशेजारी, बिनकुलपाच्या पेटीत. पेटी उघडली की भोंगा वाजेल, म्हणजे चोरीची भीतीही कमी.

अडतंय ते वरच्या मजल्यांपाशी. हृदय बंद पडण्याच्या बहुतेक घटना घरातच होतात. टोरांटोच्या आकडेवारीत तिसऱ्या मजल्याच्या खाली वाचणारे ४.२ टक्के, तिसऱ्यापासून वर २.६, आणि सोळाव्याच्या वर एक टक्काही नाही. आमच्याकडे संध्याकाळी सात वाजता लिफ्टची वाट पाहण्यातच मला १ मिनिट २० सेकंद लागली. मग यंत्र मधल्या मजल्यावर, समजा अकराव्यावर ठेवावं का? तसं केलं तर ते एकाच इमारतीचं होऊन बसेल आणि ट्रॅकवरच्या माणसाला काही उपयोग नाही. मला तळमजलाच योग्य वाटतो, पण खात्री नाही. उंच इमारतीत राहणाऱ्यांनी काय केलंय?

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गेटची केबिन पत्र्याची आहे, मे महिन्यात आत उभं राहवत नाही, पावसाळ्यात भिंतीला ओल येते. बहुतेक यंत्रांना ५० अंशांपर्यंत चालतं असं माहितीपत्रकात असतं, पण उन्हात तापलेल्या पेटीच्या आतलं तापमान कुणी मोजलंय का? आणि आमचे वॉचमन दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. शिकवलेला माणूस निघून गेला की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

भर, शुक्रवार रात्री:

सगळ्यांचे मनापासून आभार. लिफ्टमधल्या फायरमन स्विचची आठवण करून देणाऱ्या दादांचे विशेष. तो दाबला की लिफ्ट थेट तळमजल्यावर येते, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. अशा प्रसंगी तो वापरायचा की नाही हे लिफ्ट कंपनीला विचारते आहे. तोवर दुसऱ्या वॉचमनने एक लिफ्ट खाली अडवून धरायची, असं ठरवतोय.

नागपूरच्या ताईंनी लिहिलं की त्यांच्याकडे पेटी उत्तरेच्या भिंतीला, छज्जाखाली लावली आहे. आज दुपारी दोन वाजता मी आमच्या गेटपाशी जाऊन भिंतींना हात लावून पाहिलं. पश्चिमेची चटका देत होती, उत्तरेची चक्क गार होती. जागा जवळजवळ पक्की झाली.

पेटीत टॉवेल, कात्री आणि रेझर ठेवायची सूचनाही घेतली. ट्रॅकवरचा माणूस घामाने भिजलेला असतो, ओल्या छातीवर पॅड नीट चिकटत नाहीत, हे पटलं. यंत्र तयार असल्याचा हिरवा दिवा लागलाय का हे रोज सकाळी दूधवाल्यांची नोंद करतानाच वॉचमनने वहीत टिपायचं, आणि पॅड-बॅटरीची मुदत माझ्या फोनमध्ये.

‘यंत्राच्या नादात छाती दाबणं विसरू नका’ असं डॉक्टरकाकांनी बजावलंय, ते खरंच. यंत्र येईपर्यंत मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. नर्स मुलगी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वॉचमन, घरकामाच्या मावश्या आणि आम्हा सगळ्यांना शिकवायला तयार झाली आहे. मावश्या दिवसभर घराघरांत असतात, म्हाताऱ्या माणसांजवळ बरेचदा त्याच एकट्या असतात.

आता एकच प्रश्न उरतो. परवा अकरा वाजता सभा आहे, आणि ‘बिनकुलपाची पेटी’ म्हटलं की तीन-चार जण उठून उभे राहणार. ज्यांच्या सोसायटीत, देवळात, नाट्यगृहात किंवा मैदानावर पेटी उघडी ठेवून वर्षभर तरी झालंय, त्यांनी कृपया लिहा: यंत्र जागेवर राहिलं का? पोरांनी उघडून भोंगा वाजवला का? शक्य असेल तर पेटीचा फोटोही टाका, सभेत दाखवता येईल.