मॅग्नेट शाळांची फेरआखणी : काउंटीच्या शाळा-बोर्डापुढे काय मांडू? मदत हवी आहे

मंडळी, मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा. बाकीच्यांनीही लिहा, तुमच्याकडे असं काही होऊन गेलं असेल तर विशेष.

इथे काही ठरावीक हायस्कुलांत खास अभ्यासक्रम आहेत, त्यांना मॅग्नेट म्हणतात. सिल्व्हर स्प्रिंगच्या माँटगोमेरी ब्लेअरमध्ये गणित-विज्ञान-कॉम्प्युटरचा आहे, 1985 पासून. वर्षाला शंभरेक मुलं घेतात. रॉकव्हिलच्या रिचर्ड माँटगोमेरीत आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. काउंटीच्या उत्तरेकडच्या मुलांना पूल्सव्हिल हायस्कुलातलं मॅग्नेट. आता प्रस्ताव असा आहे की काउंटीचे 6 विभाग पाडायचे, प्रत्येक विभागात गणित-विज्ञान, आयबी, वैद्यकीय, कला वगैरे सगळं उभं करायचं आणि मुलांनी आपापल्या विभागातच अर्ज करायचा. सुरुवात 2027-28 ला. आत्ता जी मुलं मॅग्नेटमध्ये आहेत त्यांना हलवणार नाहीत.

माझी लेक सातवीत आहे, म्हणजे पहिली बॅच तिचीच. आम्ही रॉकव्हिलला राहतो. ब्लेअर आमच्या विभागात येत नाही.

तिला गणित मनापासून आवडतं. परवा मी पोळ्या करत होते, तर शेजारी उभी राहून घडीची पोळी दुमडत बसली. दोनदा दुमडली की टोकाचा कोन 90 अंश, अजून एकदा की 45, मग साडेबावीस. पिठाच्या बोटाने ओट्यावर आकडे मांडले आणि म्हणाली, "आई, हे शून्याला कधी पोचतच नाही." तव्यावरची पोळी करपली, पण मला तिला थांबवावंसं वाटलं नाही. अशा मुलीला तिच्यासारखीच चार मुलं वर्गात मिळावीत, एवढंच मला हवंय.

म्हणून पालकांच्या बैठकीला गेले ते विरोध करायचं ठरवूनच. तिथे माझ्या पुढच्या रांगेत एक इथिओपियन बाई होत्या. त्या उठून म्हणाल्या, माझा मुलगा हुशार आहे, पण मी रात्रपाळी करते, लांबच्या शाळेच्या बसथांब्यावर त्याला पहाटे कोण सोडणार? त्याने अर्जच केला नाही. मागून कुणीतरी "मग हा तुमचा प्रश्न झाला" असं बोललं. मला फार वाईट वाटलं. आपण स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलो तेव्हा आपल्यालाही कुणीतरी सोडायला होतं, म्हणून बसलो.

तेव्हापासून मी विरोधात आहे की बाजूने, हे मलाच सांगता येत नाही. सहा ठिकाणी सोय व्हावी हे पटतं. पण ब्लेअरमध्ये आज जे शिकवतात ते शिकवणारी माणसं एकदम सहापट कुठून आणणार? बोर्डापुढे बोलायला दोनेक मिनिटं मिळतात. त्यात काय मांडू? आणि लेकीला आत्ता काय सांगू? ती रोज विचारते.

प्रतिसाद

ताई, मी काउंटीच्या पूर्वेकडे राहते, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नका. ब्लेअरमध्ये मॅग्नेट ठेवलं ते मुळात तिथे गोऱ्या घरांतली मुलं ओढली जावीत, शाळेत सरमिसळ व्हावी म्हणून. नावच चुंबक. पुढे ते सगळ्यांना हवंहवंसं झालं. आता आपल्या शाळेत असं काही येणार म्हटल्यावर आमच्याकडचे पालक खूश आहेत. मोडू नका म्हणताना हेही लक्षात असू द्या.

प्रतिसाद

मी दुसऱ्या राज्यात हायस्कूलला गणित शिकवतो. समता की दर्जा या वादात शिरू नका, दोन मिनिटं त्यातच संपतील. दोनच गोष्टी विचारा. कॅल्क्युलसच्या पुढचे विषय सहाही ठिकाणी कोण शिकवणार, त्यांची नेमणूक आणि तयारी कधी? आणि विभागात अशी दहाच मुलं निघाली, तुकडी भरली नाही, तर विषय चालवणार की रद्द करणार? माझ्या अनुभवात कार्यक्रम बंद झाल्याचं कुणी जाहीर करत नाही. वेळापत्रकातून एकेक विषय गळत जातो, एवढंच. उत्तर लेखी मागा.

प्रतिसाद

नदीपलीकडे, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्समध्ये, थॉमस जेफरसन या विज्ञानाच्या निवडक हायस्कुलाची प्रवेश परीक्षा 2020 मध्ये रद्द केली. कोर्टकचेरी 2024 पर्यंत चालली, सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि बदल कायम राहिला. कोर्टाच्या भरवशावर बसू नका. आणि मुलीला वाट बघायला लावू नका, तिच्या शाळेत मॅथकाउंट्सचा (सहावी ते आठवीच्या मुलांची गणित स्पर्धा) क्लब असेल तर तिला आजच त्यात घाला.

धागाकर्ती

तिघांचेही आभार. राग कसला, ताई, त्या बैठकीनंतर मला हेच ऐकायचं होतं. तुकडीचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. मसुदा असा केलाय: सहाही विभागांत कार्यक्रम जरूर काढा, अर्ज न करू शकलेल्या मुलांसाठी ते हवंच आहे. पण प्रत्येक ठिकाणचे शिक्षक आणि विषय लेखी ठरेपर्यंत ब्लेअर आणि रिचर्ड माँटगोमेरीची दारं सगळ्यांना उघडी ठेवा. आणि तुकडी लहान असली तरी विषय चालवण्याची हमी द्या.

मोठ्याने वाचून पाहिलं तर अडीच मिनिटं होतात. कुठलं वाक्य काढू, ते सांगाल का? आणि पूर्वेकडच्या ताई, तुम्ही माझ्याबरोबर बोलायला याल का? दोघी एकामागून एक नाव नोंदवू.