रॉजर विल्यम्सला फक्त धर्मावरून हाकललं नाही
सतराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स याला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीतून धार्मिक मतांमुळे हाकललं असं म्हणतात, ते बरोबरच आहे पण अर्धंच, कारण इंग्लंडच्या राजाने सनद दिली म्हणून इथल्या मूळ लोकांची जमीन आपली होत नाही, ती त्यांच्याकडूनच घ्यायला हवी हे तो उघड बोलत होता आणि वसाहतीच्या मुळावरच घाव घालणारं बोलणं कोण खपवून घेणार? १६३५ च्या ऑक्टोबरमध्ये हद्दपारीचा हुकूम निघाला, पुढे त्याला इंग्लंडला परत धाडायचं घाटत होतं तेव्हा तो ऐन थंडीत बर्फातून निसटला आणि वाँपानोग या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांनी आसरा दिला म्हणून वाचला. मग १६३६ मध्ये नॅरागॅन्सेट या दुसऱ्या मूळ जमातीचे प्रमुख कॅनॉनिकस आणि मियांटोनोमी यांच्याकडून जमीन घेऊन त्याने प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं, तिथे धर्मावरून कुणाला शिक्षा नाही. त्या काळात हे केवढं मोठं होतं!

पण एक गोष्ट मला फार लागते. १६७६ मध्ये इंग्रज वसाहती आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या युद्धात प्रॉव्हिडन्स जळालं, त्याचं घरही गेलं, आणि नंतर पकडलेल्या मूळ रहिवाशांना गुलामीत विकायच्या व्यवहारात हाच माणूस सामील होता. त्याच्यावर लिहिताना हे वगळू नका प्लीज.