प्रतिसाद: स्टेडियमवर छप्पर नाही, मग धूम्रपानबंदी कशाला?

वर दोघांनी लिहिलंय की स्टेडियम म्हणजे मोकळी जागा, तिथे धूम्रपानबंदीचा कायदा लागूच होत नाही. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात मोकळी जागा वगळली आहे हे खरं, पण २००८च्या नियमांनी स्टेडियम, बस थांबे, रेल्वे स्टेशनं यांना ही सवलत नाही हे स्पष्ट केलं. स्मोकिंग झोनची मागणीही फोल आहे. तशी सोय फक्त विमानतळ, किमान ३० खोल्यांचं हॉटेल आणि किमान ३० जणांची आसनं असलेलं रेस्टॉरंट यांनाच करता येते. दंड २०० रुपयांपर्यंत. तिकिटाच्या मानाने चिल्लर.

प्रेक्षकांच्या हालांबद्दल मात्र सहमत. लायटर गेटवरच काढून घेतात, आणि एकदा तिकीट स्कॅन झालं की बाहेर पडून परत येता येत नाही. म्हणजे वनडेला सात-आठ तास अडकून. यावर निकोटिन गम, म्हणजे सिगारेटची तलफ भागवणारी चघळायची गोळी, हा उपाय आहे (२ मिलिग्रॅमची केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळते), पण बहुतेक जण ती च्युइंगगमसारखी सलग चघळतात आणि मग उचक्या, मळमळ. हळू चावायची, तोंडात चुरचुर सुरू झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, चुरचुर थांबली की पुन्हा चावायची. अर्धा तास पुरते. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत कोला किंवा कॉफी नको. त्यांतल्या आम्लामुळे निकोटिन नीट शोषलंच जात नाही. स्टेडियममध्ये पाण्याखालोखाल मिळतं काय, तर कोलाच!